शाळेची नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. : सोबत कोणाची घ्यायची आणि कशी निभवायची

बाहेरून एम.ए. करायचं म्हटलं की स्टाफरूममधून पहिला सल्ला येतो, "एकट्यानं नका करू, कोणीतरी सोबत घ्या." सल्ला खरा आहे, पण सोबत कोणाची घ्यायची हे कोणी सांगत नाही. मग शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडमना विचारलं जातं, त्या हो म्हणतात, दोघींचे फॉर्म एकाच दिवशी भरले जातात आणि विषयही एकच घेतला जातो. डिसेंबर उजाडतो तेव्हा कळतं की दोघींचा पेपर एकाच सकाळी आहे, दोघींना त्याच दिवशी रजा हवी आहे आणि शाळेत नेमका स्नेहसंमेलनाचा आठवडा आहे. मुख्याध्यापक दोघींना कसे सोडतील?

म्हणून सुरुवातीलाच सांगते, सोबती दोन लागतात. एक शाळेतला, जो तुमच्या पेपरच्या दिवशी तुमच्या वर्गावर उभा राहील. दुसरा विषयातला, जो त्याच दिवशी तुमच्या मागच्या बाकावर बसून तोच पेपर लिहीत असेल. ही दोन्ही कामं एकाच माणसावर टाकलीत तर अभ्यासही अडतो आणि मैत्रीही.

हे मुख्यतः शिक्षकांसाठी लिहिते आहे. पण शाळेतले लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. त्यांना बदली तासांची भानगड नसते, पण त्यांच्या जागी बसणारा माणूस मिळणं त्याहून अवघड असतं.

आधी तासांचा हिशेब

इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. आठ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे २४० तास झाले. वर्षाला ३२ क्रेडिट असतील तर ९६० तास, म्हणजे आठवड्याला साधारण साडेअठरा तास. आता नोकरीकडे बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, त्यात तयारीचा वेळही आला. दोन्हींची बेरीज साडेत्रेसष्ट होते. त्यात प्रवास नाही, स्वयंपाक नाही, मुलांचे डबे नाहीत आणि ऑनलाइन माहिती भरणं तर कुठल्याच बेरजेत धरत नाहीत.

कागदावरचे सगळे तास कोणी पूर्ण करत नाही, हे उघड आहे. पण हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की "दोन वर्षांत आटपून टाकू" ही भाषा जरा खाली येते. इग्नूचं एम.ए. कमीत कमी दोन वर्षांत आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं. ही मोकळीक आपल्यासारख्यांसाठीच आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही. शिवाय कनिष्ठ महाविद्यालयाकडे डोळा असेल तर निव्वळ पास होऊन भागत नाही. तिथं बी.एड.बरोबर पदव्युत्तर पदवीला साधारणपणे ५० टक्के लागतात. घाईनं मिळवलेल्या ४२ टक्क्यांचा तिथं काही उपयोग होत नाही.

प्रवेश आणि परवानगी

विद्यापीठ निवडताना माध्यम आणि अभ्यासकेंद्राचं अंतर, एवढंच नीट बघा. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये स्थापन झालं आणि त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत पोचली आहेत. इंग्रजी-हिंदीतून चालत असेल तर १९८५ चं इग्नू. महाराष्ट्रात त्याची विभागीय केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. अशा मान्यताप्राप्त विद्यापीठांची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. "बाहेरून केलंय, चालेल का?" या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरे. मात्र तुमच्या विषयाला त्या वर्षाची मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा. आता प्रवेशासाठी एबीसी आयडी (मिळवलेली क्रेडिटं जमा राहतात त्या खात्याचा क्रमांक) आणि डेब आयडी (त्याच दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) हे दोन्ही काढावे लागतात. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नसेल तर ते आधी निस्तरा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे फॉर्म इथंच अडकून पडतात.

इग्नूत प्रवेशाची दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. शाळेत नोकरी असेल तर मी जुलैच सांगेन. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात जुलैला प्रवेश घेतला की पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये येते आणि आख्खा मे महिना अभ्यासाला मिळतो. जानेवारीला घेतला तर पहिली परीक्षा डिसेंबरात, म्हणजे सहल, क्रीडास्पर्धा आणि गॅदरिंगच्या ऐन धामधुमीत.

नोकरीत असताना शिकायचं तर लेखी परवानगी घ्या. खासगी शाळेत मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे, जिल्हा परिषदेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. "अहो, नंतर बघू" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण पदवी हातात आल्यावर सेवापुस्तकात नोंद करायची वेळ येते तेव्हा हाच कागद मागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

शाळेतला सोबती

इथं लोक मैत्री बघतात. मी म्हणेन, आधी वेळापत्रक बघा.

समजा तुम्ही नववी-दहावीला इंग्रजी शिकवता. तुमची जिवलग मैत्रीण पाचवी-सहावीला चित्रकला घेते. तुमच्या पेपरच्या दिवशी ती तुमच्या वर्गावर आली तर मुलं गप्प बसतील, पण शिकणार काहीच नाहीत. याला बदली तास म्हणतात आणि सगळ्या स्टाफला त्याचा कंटाळा असतो. त्यापेक्षा तुमच्याच वर्गांना गणित शिकवणाऱ्या मॅडमशी बोला. त्या तुमच्या तासाला स्वतःचं गणित घेतील आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या तासाला तुम्ही इंग्रजी घ्याल. कोणाचा तास बुडत नाही, पालकांची तक्रार येत नाही आणि मुख्याध्यापकांनाही सही करायला जड जात नाही. थोडक्यात, वर्ग सारखे आणि विषय वेगळे असा सोबती शोधा. तो स्वतः शिकत नसला तरी चालेल. उलट ते बरंच, त्याला तुमच्याबरोबर रजा लागणार नाही.

या अदलाबदलीची एक वही ठेवा. साधी दोनशे पानी, स्टाफरूमच्या कपाटात, दोघींना दिसेल अशी. नोंद अशी असावी:

"मंगळवार, ९ डिसें. ९ ब, तिसरा तास, इंग्रजीचा. गणित घेतलं. परत : १६ डिसें., ९ ब, पाचवा तास. दिला ✓."

मैत्रीत हिशेब कशाला, असं कोणी म्हणेल. पण मैत्री असते म्हणूनच लागतो. तोंडी व्यवहारात प्रत्येकाला स्वतः घेतलेले तास आठवतात आणि दुसऱ्यानं घेतलेले विसरतात. तीन-चार महिन्यांनी "मीच बाई किती तास घेतले तुझे" हे वाक्य येतं आणि त्यानंतर स्टाफरूममधला चहा वेगवेगळा होऊ लागतो. वही असली की बोलणं त्या पानापुरतं राहतं. एक नियम पक्का ठेवा, घेतलेला तास त्याच महिन्यात फिटला पाहिजे. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीपलीकडे उधारी जाऊ द्यायची नाही.

परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा, आणि अडचण घेऊन जाण्याऐवजी मांडलेला कागद घेऊन जा. "सर, माझे पेपर ४, ९ आणि १५ तारखेला आहेत. रजेचा अर्ज आणलाय. तिन्ही दिवसांच्या तासांची गणिताच्या मॅडमशी अदलाबदल करून मांडणी केली आहे, खाली त्यांची सही आहे. एकदा नजर टाका." अशा कागदाला सहसा नकार मिळत नाही. रजा मोजक्याच असतात, त्यामुळे जून-जुलैपासूनच किरकोळ रजा जपून वापरा. लग्नं-बारशी नवऱ्यालाच करू द्या.

एक गोष्ट मात्र मैत्रीखातरसुद्धा करायची नाही. मस्टरवर एकमेकींच्या सह्या करू नका, आणि "अर्धा दिवस जाऊन येते, कोणी विचारलं तर बँकेत गेलीय म्हणून सांग" असलंही काही नको. पकडलं गेलं तर दोघी अडकतात, आणि नाही पकडलं गेलं तरी सांभाळून घेणारीच्या मनात ते राहतं.

द्विशिक्षकी शाळेत यातलं काहीच जमत नाही. दुसरे गुरुजी आधीच दोन वर्ग घेऊन बसलेले असतात, तुम्ही गेलात की त्यांच्याकडे चार होतात. अशा वेळी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्यांशी ओळख वाढवा आणि केंद्रप्रमुखांना तारखा आगाऊ कळवा. जवळच्या शाळेतला शिक्षक त्या दिवसापुरता कामगिरीवर देता येतो का, ते त्यांच्या हातात असतं. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या निरोपानं ते होत नाही.

विषयातला सोबती

हा सोबती दुसऱ्या शाळेतला हवा. जमलं तर दुसऱ्या संस्थेतला, कारण मग सेवाज्येष्ठता, पदोन्नती असले काटे मध्ये येत नाहीत. भेटण्याची जागा म्हणजे अभ्यासकेंद्र. रविवारच्या संपर्कसत्राला पहिल्या दोन वेळा न चुकता जा, शिकवण्यापेक्षा माणसं बघायला. नियमित येणारा, तुमच्याच बाजूची एसटी पकडणारा आणि "सगळ्या नोट्स कुठं मिळतील?" हे न विचारणारा कोणीतरी दिसतोच.

मग वाचन वाटून घ्या. इग्नूची पुस्तकं ब्लॉकमध्ये, म्हणजे सुट्या भागांत येतात. छापील उशिरा आली तरी इग्नूच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक ब्लॉक तुमचा, पुढचा तिचा. आपापला ब्लॉक आपण दुसरीला शिकवायचा. आपला धंदाच तो आहे, त्याचा फायदा का घेऊ नये? मला ध्वनिविचार हा भाग कोरडा वाटायचा. इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा उच्चार वेगळा असतो हे वाचून पाठ होतं, पण मी दोन्ही एकसारखेच म्हणायचे, त्यामुळे कानाला काही फरक कळत नव्हता. मैत्रिणीनं पर्समधला लहान आरसा काढला आणि "ओठ बघ" म्हणाली. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वन' (one) म्हणताना ओठांचा नुसता चंबू होतो. दोन मिनिटांत झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी तोच आरसा आठवीच्या वर्गात फिरवला. असं शिकवलेलं परीक्षेत आठवायला जोर लावावा लागत नाही.

ज्या ब्लॉकचा सोबती तुम्हाला शिकवणार आहे तो तुम्हीही एकदा चाळलेला असावा. नाहीतर अर्धा अभ्यासक्रम तुमच्या डोक्यात आणि अर्धा तिच्या अशी गत होते, आणि परीक्षेला तर दोघींना पूर्ण डोकं घेऊन बसायचं असतं.

दुसरं काम लिहिण्याचं. आपण रोज फळ्यावर लिहितो, पण सलग तीन तास कागदावर लिहून वर्षं लोटलेली असतात. तीन तासांत पाच मोठी उत्तरं असली तर एकाला छत्तीस मिनिटं मिळतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. रविवारी दोघींनी एकाच प्रश्नाचं उत्तर घड्याळ लावून लिहायचं, वह्या बदलायच्या आणि लाल पेनानं तपासायच्या. दहावीच्या मुलाची तपासतो तशीच, गुण देऊन. पहिल्या वेळी राग येतो. येऊ द्या.

हे रविवारचं बसणं कुठं? बायकांसाठी हा प्रश्न अभ्यासाहूनही मोठा आहे. घरात पुस्तक उघडलं की कुकरची शिट्टी, पाहुणे आणि "आई, माझी पट्टी कुठंय?" सुरू होतं. मैत्रिणीच्या घरी बसलं तर निदान आपल्याला कोणी हाक मारत नाही. पण तिला मारतात. शिवाय पहिल्या रविवारी पोहे होतात, दुसऱ्या रविवारी तिच्या सासूबाई आग्रहानं थालीपीठ लावतात, आणि चौथ्या रविवारपर्यंत तुमचं येणं त्या घराला ओझं झालेलं असतं. आमच्याकडे नियम होता : फक्त चहा, तोही एकदाच, आणि डबा आपापला. त्याहून चांगलं म्हणजे तालुक्याच्या गावातली अभ्यासिका किंवा सार्वजनिक वाचनालय. तिथं बोलता येत नाही, म्हणून शिकवणं बाहेरच्या पायरीवर आणि लिहिणं आत.

आठवड्यात मधे एक फोन पुरे, आणि त्यात शाळेच्या कुरबुरी आधी काढायच्या नाहीत. "किती पानं झाली?" हा पहिला प्रश्न. कुरबुरी नंतर निघतातच.

असाइनमेंट : काय वाटायचं, काय नाही

इग्नूत बहुतेक विषयांना असाइनमेंटचे ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचे ७० टक्के गुण धरतात. त्या स्वतःच्या अक्षरात लिहायच्या असतात. इथं सोबतीचा मोह सगळ्यात जास्त होतो. "तू दोन लिही, मी दोन लिहिते, मग एकमेकींच्या उतरवू." एकाच केंद्रावर एकसारखी उत्तरं गेली की तपासणाऱ्याला कळतं, आणि नक्कल सापडली की असाइनमेंट नाकारली जाते. तुम्ही स्वतः मुलांच्या वह्यांत हेच पकडता, तेव्हा तपासणारा वेगळा असेल असं धरू नका.

वाटायचं ते एवढंच : कोणता प्रश्न कोणत्या युनिटमधून आला आहे, मुद्दे कोणते, संदर्भाचं पान कोणतं. मुद्द्यांवर बोला, मग वह्या मिटून आपापल्या घरी लिहा. जमा करायला मात्र एकीनं दोघींच्या नेल्या तर चालतं. पोच दोघींची वेगळी घ्यायची आणि तिथूनच मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. गुण चढले नाहीत तर केंद्रावर दाखवायला तीच पोच कामी येते.

पासवर्ड आणि ओटीपी आपापला. परीक्षेचा फॉर्म दोघींनी शेजारी बसून भरा, पण प्रत्येकीनं स्वतःचा. केंद्राचं शहर एकच निवडा, म्हणजे जाण्यायेण्याची सोबत होते.

परीक्षेचे दिवस

जूनची परीक्षा नावालाच जूनची. ती जुलैच्या मध्यापर्यंत रेंगाळते. तोवर शाळा सुरू झालेली असते, विदर्भात थोडी उशिरा. तरी मे मोकळा असल्यानं जास्त पेपर जूनला घ्या आणि डिसेंबरला एक किंवा दोनच ठेवा. पैसे पेपरागणिक भरायचे असतात, त्यामुळे सगळे एकदम देण्याची सक्ती नाही. डिसेंबरचे पेपरही जानेवारीपर्यंत जातात. मार्च-एप्रिलमध्ये दहावीचे पेपर तपासायला येतात आणि मग निकालपत्रकं. त्या काळात अभ्यास होणार नाही, हे दोघींनी धरूनच चाला. निवडणुकीचं वर्ष असेल तर तेही. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडवलं आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. ड्युटी आणि पेपर एकाच दिवशी आले तर प्रवेशपत्राची प्रत जोडून तहसील कार्यालयात लगेच अर्ज द्या. प्रशिक्षणाची पहिली फेरी झाल्यावर नाव निघणं फार अवघड जातं.

गाडी पुढेमागे झाली तर

कधीतरी एक पास होते आणि दुसरीचा पेपर राहतो. इग्नूचे निकाल एकदम न लागता टप्प्याटप्प्यानं चढतात, त्यामुळे एकीचे गुण आधी दिसतात आणि दुसरीच्या नावापुढे नुसती रेघ. आधीच ठरवून ठेवा की गुण विचारायचे नाहीत, जिचे तिनं सांगायचे. राहिलेला पेपर पुढच्या सत्रात देता येतो. पुढे गेलेलीनं आपल्या टिपणांची वही द्यावी, पण न मागता शिकवायला जाऊ नये.

आणि कोणी मधेच सोडलं तर सोडू द्या. घरातलं आजारपण, बदली, बाळंतपण, कारणं खरी असतात. पुस्तकं आणि झेरॉक्स अर्ध्या-अर्ध्या खर्चात घेतली असतील तर तिच्या वाट्याचे पैसे परत करा आणि पुस्तकं ठेवून घ्या. तेवढा व्यवहार झाला की हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाताना अवघडल्यासारखं होत नाही.

निकालानंतर

गुणपत्रक आणि तात्पुरतं प्रमाणपत्र हातात आलं की प्रत्येकीनं आपापल्या कार्यालयात वेगळा अर्ज करा : साक्षांकित प्रती, परवानगीच्या पत्राची प्रत, आणि "सेवापुस्तकात शैक्षणिक अर्हतेची नोंद घ्यावी" अशी एक ओळ. महिन्याभरानं जाऊन सेवापुस्तकाचं ते पान स्वतः उघडून बघा. नोंदीखाली सही आणि तारीख आहे ना, ते तपासा आणि पानाचा फोटो काढून ठेवा.